हात राखून

पिवळी भुकटी आहे, लिनेओ, बाटलीच्या तळाशी.
मक्याच्या पिठासारखी, कुणाला भीती वाटू नये अशी.
वीस मिली पाणी. कमी नाही.
हलव, आणि खिडकीतल्या उजेडापुढे धर.
गढूळ दिसलं तर ओतून टाक.
महाग आहे, ठाऊक आहे; महिन्याची यादी मीच लिहिते.
तरी ओतून टाक.

मोखोत्लाँगला बर्फ पडून दोन दिवस झाले.
खिंड बंद, ट्रक खिंडीपलीकडे,
आणि ज्या औषधाने आजचं काम सोपं झालं असतं
ते त्या ट्रकमध्ये.
टेबलावर त्सेलिसो, सतरा वर्षांचा मेंढपाळ.
घोड्यासकट घसरला, मांडीचं हाड कातडीबाहेर.
रात्रभर भावाला धरून खोगिरावर बसून आला
आणि वाटेत किती सांडला
ते बर्फाला माहीत.

डॉक्टर इलुंगा हात धुऊन उभे,
कोपरांवरून पाणी ठिबकतंय.
"सुरू करूया?"

नाही.
नाडी बघ याची, उसवलेल्या दोऱ्यासारखी.
धडधाकट माणसाला पेलतं तेवढं याला दिलं
तर हा झोपेल खरा,
पण काळीजही याच्याबरोबर झोपायला जाईल.
आधी सलाईन. मग ड्रायव्हरचं रक्त, गट जुळलाय.
डॉक्टर पुन्हा हात धुतील.

तोवर सक्शन चालवून बघ, आवाज ऐक.
ऑक्सिजनचा काटा बघ. सिलिंडर जड लागतो म्हणून भरलेला मानू नकोस.
पहाटे याने लापशी खाल्लीय,
म्हणून नळी हाताशी, टेबलाचं डोकं खाली होतं का तेही बघ.

आता शीर.
कोपराच्या खोबणीत नको, मनगटामागची घे.
बोट ठेव. उडतेय?
उडणारी शीर आपली नाही.

एकोणीस वर्षांपूर्वी मी बोट ठेवलं नव्हतं.
रामाथे म्हणाला, जळतंय.
मी म्हटलं, जरा सोस.
एवढंच म्हटलं मी. दोन शब्द.
तिसऱ्या दिवशी त्याच्या बोटांची टोकं काळी पडली.
अजून तो बाजारात भेटतो,
घोंगडीची पिन डाव्या हाताने लावतो,
आणि मला "मे" म्हणतो, आईला म्हणतात तसं.
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हणून आधी दोन मिली, आणि थांब.
विचार त्याला: हात जळतोय का?
हो म्हणाला तर पुढे एक थेंब नाही,
आणि सुई तिथेच राहू दे, काढू नकोस, मला हाक मार.
नाही म्हणाला तर थोडं. पुन्हा थांब.
रक्त आज सावकाश चालतंय,
औषधाला डोक्यापर्यंत पोचायला वेळ लागेल.
त्या वेळात हात शिवशिवतील तुझे.
हात राखून दे, लिनेओ.
आपल्या कामात हे दोन्ही अर्थांनी खरं आहे.

"कांदा," त्सेलिसो म्हणतो. "कोण कांदा..."
आणि पापण्यांना बोट लावलं तरी हलत नाहीत.
हनुवटी उचल. जबडा धर. नळी.
कापायला लागतील तेव्हा कपाळावर आठी येईल,
ती बघायला कुणीतरी हवं.
झोप वेगळी, न दुखणं वेगळं;
ही भुकटी फक्त झोप देते,
दुखण्याचं औषध त्या दुसऱ्या सिरिंजमध्ये आहे,
नाव लिहिलेल्या. तूच लिहिलंयस, पुन्हा वाच.

जनरेटर दोनदा खोकला आणि चालू राहिला.

दुपारी तो डोळे उघडतो,
ओठ कोरडे, दात वाजतायत. मी त्याच्यावर आणखी एक घोंगडी टाकते.
"घोडा?" विचारतो.
कुणालाच माहीत नाही. भाऊ खिडकीबाहेर बघतो.
मी त्याचा हात घोंगडीबाहेर काढते,
नखं दाबते, सोडते,
गुलाबी होईपर्यंत बघते,
मग दुसऱ्या हाताची.
लिनेओ विचारते, हे कुठल्या रकान्यात लिहू?