सॅम्पल नंबर एकेचाळीस

हात थरथरायचे तेव्हा
स्लाइडवर कव्हर स्लिप टेकताना टिकटिक वाजायची.
ओतारी मॅडम, चहा कमी करा, इरफान म्हणाला.
चहा नव्हता. गळ्यातली ग्रंथी सुसाट सुटली होती,
नाडी एकशे अठरा, खाऊन खाऊन वजन घटत होतं.

मग गोळ्या. तीन वेळा. डबीवर स्केचपेनने
सूर्य, अर्धा सूर्य, चंद्र.
तीन महिन्यांत सुईत दोरा पहिल्या झटक्यात.

घसा दुखला, ताप आला तर त्याच दिवशी या,
एवढं बजावलं होतं.
दीड वर्ष मी रोज सकाळी आ वासून
टॉर्चने घसा तपासला.
दारावर पहारा, आणि चोर मोरीतून.

पिंढऱ्यांवर जांभळे ठिपके आले. डास, म्हटलं,
रास्ता पेठेत डास असायचेच.
सांधे धरले. वय, म्हटलं.
लघवी कोऱ्या चहासारखी झाली
तेव्हा म्हणायला काही उरलं नाही.

मंगळवारी, लॅब उघडायच्या आधी,
माझीच बाटली, माझंच लेबल.
सेंट्रिफ्यूज पाच मिनिटं घुमलं.
खाली केईएमकडे रिक्षा वळत होत्या.
थेंब ठेवला. कव्हर स्लिप टेकली.
आवाज नाही.

लाल पेशींचे कास्ट.
नळीच्या मापाचे, विटकरी, अगदी रेखीव.

बाबा कसब्यात घंटा ओतायचे.
साचा फोडताना कुणाला बोलू द्यायचे नाहीत.
साच्याला तडा असला, म्हणायचे,
तर पितळावर शीर उठते.

हात जराही हलला नाही.
त्याचं श्रेय गोळीला द्यायलाच हवं.

रजिस्टरात लिहिलं :
ओतारी, सुलभा. वय ४७. कास्ट तीन ते चार.
शेरा : डॉक्टरांना ताबडतोब कळवणे.
मग फोन उचलला आणि कळवलं.

गोळीनेच बारीक रक्तवाहिन्या सुजवल्या,
बायोप्सीनंतर डॉक्टर म्हणाल्या, किडनीतल्याही.
क्वचित होतं असं.
क्वचित हा शब्द मी रिपोर्टवर कधी टाइप केला नाही.
आढळले, किंवा आढळले नाही.

आता ती गोळी बंद, दुसऱ्या सहा चालू.
चेहरा पुरणाच्या उंड्यासारखा.
क्रिएटिनिन उतरतंय,
पर्वतीच्या पायऱ्या गुडघे धरून उतरावं तसं.

हात पुन्हा थोडे थरथरतात.
कव्हर स्लिप टिकटिकते.
इरफान चहा आणून ठेवतो,
अर्धा कप,
आणि काही म्हणत नाही.