प्रतवारी

तासगावच्या शेडवर मी बेदाणा निवडते,
अकरा वर्षं झाली.
हिरवा, पिवळा, मग तो मातकट, कुणालाच नको असलेला.
सावलीत वाळला तर हिरवा राहतो,
ऊन लागलं की काळवंडतो.
एवढंच माझं शिक्षण.

पोट उठलं की मी क्रेटवर उपडी पडायचे.
मुकादम म्हणायचा, पित्त.
तासगावात पित्त, विट्यात जंत,
सांगलीत अपेंडिक्स. ते काढलं.
टाके सुकले, दुखणं तसंच,
फक्त आता त्याला खूण मिळाली.
सोनोग्राफी कोरी. कॅमेरा आत जाऊन आला, तोही कोरा.
मग एका डॉक्टरांनी नवऱ्याला बाजूला घेऊन
हळू विचारलं, घरात काही ताण?
सासूनं ते ऐकलं
आणि माझं दुखणं घरात नाटक झालं.

सोळा सोमवार धरले, पोटासाठीच.
सोमवारी पाणीसुद्धा नाही.
मंगळवारी आतडी पिळून निघायची.
मला वाटायचं, उपासच कमी पडतोय.

मिरजेच्या वॉर्डात लघवीची बाटली
न्यायला कुणी आलंच नाही. खिडकीत राहिली.
सकाळी फिक्की, पहिल्या प्रतीच्या मालासारखी.
दुपारी तांबूस छटा शिरली.
चारला काळा मनुका.
राउंडला आलेल्या पोरसवदा डॉक्टरला म्हटलं,
साहेब, ह्याला ऊन लागलंय.
तो हसला नाही.
बाटली उजेडाला धरून बराच वेळ उभा राहिला,
मग म्हणाला, उपास करता?

बारा दिवसांनी मुंबईहून कागद आला.
पॉर्फिरिया.
जीभ वळत नाही, मी नुसतं फिरिया म्हणते.
लाखात एखादीला होतं, म्हणाला,
लॉटरी लागल्यासारखं.
खरं औषध बाहेरच्या देशातलं. किंमत सांगता सांगता
माझ्या बेन्टेक्सच्या बांगड्यांकडे बघून थांबला.
तोवर साखर. शिरेतून साखर, तोंडातून साखर,
आणि आम्ही राहतो कारखान्याच्या धुराड्याखाली!
उपास बंद.
न चालणाऱ्या गोळ्यांची यादी
मंगळसूत्राच्या जुन्या डबीत घडी करून ठेवलीय.

रक्तातून येतं म्हणे.
आई छत्तिसाव्या वर्षी गेली, पोट धरून.
बाहेरचं आहे म्हणाले होते.
देवऋष्यानं आठवडाभर तिला उपाशी ठेवलं,
आणि शेवटचा भाकरीचा तुकडा
मीच तिच्या हातातून काढून घेतला होता.

परवापासून वैजूच्या बेंबीपाशी दुखतंय.
डॉक्टर म्हणाला, नुसत्या रंगावरून काही कळत नाही,
उद्या घेऊन या.
नेणार आहेच.
तरी बाटली पत्र्यावर ठेवलीय.
आत्ता अकरा वाजलेत.