गाठ मारतात कशी

अठ्ठावीस वर्षं मी कापडातल्या चुका शोधल्या.
उतरत्या टेबलाखाली ट्यूबलाइट,
वरून चादर सरकत यायची,
माझ्या हातात निळा खडू.
तुटका ताणा, सुटलेला बाणा, तेलाचा डाग:
फुली मारायची, किनारीला लाल दोरा,
पुढची चादर.

मल्लेशम एकदा टेबलाशी येऊन उभा राहिला.
साहेब, फुली इथं मारालाव,
चूक तिकडं मागावर झालीय.
एकदा येऊन बघा की.
मी गेलो नाही. अजून चाळीस चादरी होत्या.

आता निवृत्त. कन्ना चौकाच्या मागं, दुसरा मजला,
रात्री अकराला भिंतीला पाठ टेकवत नाही.
पुतण्यानं शिकवलं म्हणून
सगळ्यांनी मिळून लिहायच्या ज्ञानकोशात
पहिला लेख टाकला. शीर्षक: सांधणी.
संपत आलेल्या ताण्याला नवा ताणा जोडायचा,
एकेक धागा, हजारो गाठी.
‘अप्रतिम’ दोनदा लिहिलं, ‘जगप्रसिद्ध’ तीनदा,
‘सोलापूरच्या रक्तात’ एकदा,
आणि शेवटी अंबव्वाचं नाव,
तिच्याएवढं भरभर कोणी जोडत नव्हतं म्हणून.

सकाळी लेखभर फुल्या.
संदर्भ हवा. संदर्भ हवा. हे कोणाचं मत?
खाली सही: रानपिंगळा.
गाव माहीत नाही, वय माहीत नाही,
बाई की बुवा तेही नाही.
लिहिलं, ‘आधी सोलापुरात या.’
पुसलं. परत लिहिलं. चहा प्यालो. पुसलं.

मग शेवटची ओळ दिसली, आधी वाचलीच नव्हती:
‘सांधणी महत्त्वाची, हे कळलं.
पण गाठ मारतात कशी, ते मला दिसलं नाही.’

जुन्या चादरीच्या झालरीतून दोन धागे ओढले.
मारली गाठ. सुटली.
परत मारली. धरली, पण बोराएवढी,
फणीतून जन्मात गेली नसती.
काय करालाव, म्हणत रत्नम्मा दारात.
लग्नाआधी सहा वर्षं सांधणीला बसलेली बाई.
तिनं धागे घेतले, खिडकीकडं बघत बघत
झालं.
म्हटलं, हळू कर.
हळू केली की तिला गाठ येईना.
बोटांनाच ठाऊक, म्हणाली, मला कुठं?
मग ती मारत गेली, मी लिहीत गेलो:
डाव्या चिमटीत दोन टोकांची फुली,
फेरा अंगठ्याच्या नखावरून,
आखूड टोक आत, ओढ.
अकराव्या गाठीला वाक्य बरोबर आलं.

वाचनालयात एक तांत्रिक पुस्तिका सापडली,
वाळवीनं अर्धी खाल्लेली, पान एकसष्ट शाबूत.
तो संदर्भ दिला.
तिन्ही ‘जगप्रसिद्ध’ काढले, लेख हलका झाला.
अंबव्वाला संदर्भ मिळाला नाही.
तिचं नाव लेखातून काढून
चर्चापानावर ठेवलं आहे, कुणाला सापडलं तर.
रानपिंगळ्यानं लिहिलं, ‘आता दिसली.’
एवढंच.
मी ते रत्नम्माला वाचून दाखवलं.
ती म्हणाली, पंखा वाढवा.

परवा एक नवा लेख माझ्यासमोर आला:
शेंगा चटणी. पहिलं वाक्य, ‘ही जगात भारी आहे.’
बोटं आपोआप खडू धरल्यासारखी झाली.
‘संदर्भ हवा’ टाकलं.
टाकून तसाच बसलो.
मग खाली लिहिलं:
कुटताना तेल सुटायला लागतं
ते नेमकं कधी? रंग बदलतो का?
उखळापाशी बसून लिहा, घाई नाही.

पाच मिनिटांत उत्तर:
‘तुम्ही आधी सोलापुरात या.’

हसू आलं. भिंतीवरचं घड्याळ बघितलं, सव्वासहा,
ऊन उतरलेलं.
लिहिलं, सोलापुरातच आहे.
उखळ कुठल्या पेठेत ते सांगा,
सायकल आहे माझ्याकडं.