पान एकशे त्रेचाळीस

स्मेथिकच्या ग्रंथालयातून काढून टाकलेल्या पुस्तकांत
ते होतं. दहा पेन्स. पाठीवरचा कागद सुटलेला,
आत जांभळा शिक्का : रद्द.
मीच मारलेला, मंगळवारी, न वाचता.

लेखक डॉनल क्रेमिन. आयर्लंडचा, कॉर्ककडला.
चार वर्षं इथल्याच ओतशाळेत राबला
आणि रात्री भाड्याच्या खोलीत लिहीत बसला,
मीटरमध्ये शिलिंग टाकून
तासातासाचा उजेड विकत घेत.
मलपृष्ठावर आहे हे सगळं. फोटोत कान फार मोठे.

गोष्ट अशी काही नाही त्यात.
कोण किती वाजता उठतो, कुणाच्या बुटात पुठ्ठा आहे,
तीन मिनिटं उशीर झाला
की पाव तासाचा पगार कसा जातो,
गुरुवारी, म्हणजे पगाराच्या आदल्या संध्याकाळी,
बायका खाटकाच्या दुकानात
कुठल्या आवाजात बोलतात.
मी उभ्या उभ्या चाळत होते. बस चुकली.

पान एकशे त्रेचाळीस. चौथी शेड, सकाळ.
लिहिलंय :
भट्टीच्या पलीकडून तो हिंदी माणूस नुसता हसला.
एवढंच. पुढच्या वाक्यात भोंगा होतो.

साल जुळत होतं. शेड जुळत होती.
पंजाबी मंडळी तेव्हा सगळी रात्रपाळीला.
दिवसपाळीत एकच माणूस आपल्याकडचा,
यशवंत बाबली खवणेकर, मुक्काम शिरोडा,
जो आत्ता माझ्या स्वयंपाकघरात
मटार सोलत बसला होता.

बाबांनी हात पुसले. भिंग मागितलं.
विजेचं बिल तपासावं तसं
एकेका शब्दावर बोट ठेवून वाचलं.
मग म्हणाले, खोटं आहे.
मी हसलो नव्हतो, बोललो होतो.
ओरडून सांगितलं होतं ह्याला,
साच्यातली वाळू ओली आहे, ओतू नका म्हणून.
पण रॅमर चालू होता ना.
त्याला नुसते माझे दात दिसले असणार.

मग ?

मग काय. ओल्या वाळूवर लोखंड पडलं की ते थांबतं होय ?
टिम हॅलिसी पुढे उभा होता.
बूट कापून काढावा लागला, आणि बुटाबरोबर
गुडघ्याखालचं सगळं.
कंपनीनं संत्री पाठवली टोपलीभर
आणि दुपारनंतरचा पगार कापला.

मला हे कधी सांगितलं नव्हतं त्यांनी.
मला फक्त इतकंच माहीत होतं
की आमच्या घरात संत्री आणत नाहीत.

पुढे वाच, म्हणाले, पायाचं काय लिहिलंय बघ.
मी पानं उलटली. एकशे साठवर तो लंगडतो.
दोनशेवर काठी आहे.
शेवटच्या प्रकरणात काठी कुठे गेली कळत नाही,
टिम हॅलिसी जत्रेच्या दिवशी
थोरल्या पोरीला खांद्यावर घेऊन
चर्चमागची चढण चढतो, दोन्ही पायांनी,
वर पोचल्यावर जरा धापा टाकतो
आणि म्हणतो, म्हातारा झालो.

बाबा एक शेंग हातात धरून बसले.
सोलली नाही, ठेवलीही नाही.
किटली बंद झाल्याचा टक्क आवाज आला,
तो मला आला, त्यांना नाही,
तेरा वर्षं रॅमरशेजारी काढलेली.

बऱ्याच वेळानं म्हणाले,
म्हणजे ऐकू गेलं होतं त्याला.

कुणाला ?

ह्याला. लिहिणाऱ्याला. कान बघ की केवढे आहेत.
आणि स्वतःच हसले, आणि भिंग उलटं ठेवलं,
आणि कानातलं यंत्र जरा दाबून बसवून म्हणाले,
परत वाच. चढणीपासून. मोठ्यानं.

मी मोठ्यानं वाचलं.
पलीकडून मिसेस ट्रॅनमरनं भिंत ठोकली.
मी आणखी मोठ्यानं वाचलं.