नाव लिहू नये

उदगीरच्या पाणपोईची जुनी वही
मोडीत आहे. मी वाचते,
आयनो टिपते, आणि रात्री
लिस्बनहून दुआर्ते विचारतो:
देणाऱ्यांची नावं कुठायत?

पान सतरा. रांजण दोन, तुळजाराम कुंभाराकडून.
वाळा, पाव शेर.
पुढे पानंच्या पानं एकच ओळ:
नाव लिहू नये.

तक्त्यात रकाना रिकामा चालत नाही म्हणे.
आयनोनं 'अज्ञात' भरलं.
अज्ञात कसलं गं,
गावाला माहीत होतं सगळं.

ती थांबली. फिनलंडात तिच्या गावीही
कुणीतरी रात्री दाराशी लाकडं रचून जायचं,
बर्फातली पावलं मात्र ओळखू यायची.

दुआर्तेला कळवलंय, नवा रकाना लागेल.
काय म्हणायचं त्याला, ते सुचलं नाही अजून.

बाहेर मकबूलचाचा रांजण भरतात.
किती वर्षं झाली, विचारलं तर
'पैले पानी पी.'