पाठांतर

तुर्कू. दुपारचे तीन, आणि खिडकीबाहेर रात्र.
आउने उंदराला मऊ कापडात गुंडाळते,
तान्ह्याला दुपट्यात घ्यावं तसं, डोकं तेवढं बाहेर.
कवटीत दोन बारीक स्क्रू, महिन्याभरापूर्वीचे;
भोवती केस पुन्हा उगवलेत.
भूल द्यायची नाही. जागेपणीच बघायचंय
याला कुठवर दिसतं.

पडद्यावर रेघा, जाड,
काळीच्या जागी पांढरी, पांढरीच्या जागी काळी,
आणि दर पालटाला
मॉनिटरवरची रेषा उडी घेते:
दिसलं.
दिसलं.
रेघा बारीक होतात. उडी बसत जाते.

आउनेचे वडील फेरीबोटीवर कप्तान होते.
मोतीबिंदू वाढला तसा त्यांनी डॉक्टरांचा तक्ता
पार खालच्या ओळीपर्यंत घोकून ठेवला.
दोन हिवाळे बेटांमधून बोट नेली
त्या अक्षरांच्या भरवशावर.
घरात सगळ्यांना ठाऊक होतं.
कुणी ब्र काढला नाही. तिनंही.

याला घोकता येत नाही.
भिडेखातर हो म्हणता येत नाही.

तिला अजून लख्ख दिसतायत रेघा,
कंगव्याच्या दातांएवढ्या.
मॉनिटरवर मात्र नुसती खरखर.
ती आकडा लिहिते, कापड सोडते.
मिशा तिच्या हातमोज्यावरून फिरतात,
अंगठा, मनगट, घड्याळाचा पट्टा,
परत अंगठा,
कुठल्याच तक्त्यावर नसलेलं काहीतरी
सावकाश वाचत.

ती थांबते थोडी.
सतरा नंबर अजून बाकी आहे.