समासात

पादरा रोड, दुसरा मजला, खोलीत पंचवीस अंश.
वायूनं पेंगुळलेल्या माशा, दहा-दहा,
मऊ चिमट्यानं पालथ्या मांडते
आणि प्रत्येकीच्या पाठीवर एक थेंब,
टिकलीहून लहान,
तणनाशकाचा.

मग अंधार, साखरपाणी.
चार तासांनी मोजायचं, चोवीस, अठ्ठेचाळीस.
जिवंत. मेलेली. अडखळणारी.
या तिसऱ्या रकान्यात मी पेन्सिलच वापरते.

पलीकडे हेतलबेन भक्षक कोळी मोजतात भिंगाखाली,
शिंक आली की आधी खोलीबाहेर पळतात.

निकाल चांगला आला.
औषधाच्या पिंजऱ्यात एक मेली,
नुसत्या पाण्याच्या पिंजऱ्यात दोन.
त्या दोघींचं कारण कुणी विचारत नाही.
'मधमाश्यांस अपायकारक नाही.'
खाली सही: यू. घोरपडे.

शनिवारी हिंमतभाई आले सावलीहून,
रिकाम्या पेट्या परत न्यायला.
चहा बशीत ओतून म्हणाले,
बेन, यंदा माशा कमी मिळतील.
बांधावरचा कुबो गेला.

(तुंबा म्हणायचो आम्ही.
शाळेतून येताना पांढरी फुलं उपटून
बुडखा चोखायचा, थेंबभर गोड.)

तुम्ही फवारलंत?
छे, शेजाऱ्यानं. वाऱ्यानं आलं.
पण माशी एकही मेली नाही हं, ते घाईनं म्हणाले,
माझीच समजूत काढावी तसे.
जातात नुसत्या. आणि रिकाम्या येतात.

ते गेल्यावर वही पुन्हा चाळली.
रिकाम्या येणाऱ्यांना रकाना नव्हता.
पेन्सिलीला टोक केलं,
समासात लिहिलं: कुबो.
सोमवारी हेतलबेन विचारतील,
हे कुठल्या औषधाचं नाव.